देणारीचं नाव

॥ श्री ॥

एजवेअर, लंडन
शुक्रवार, २० मार्च २०२६

चि. शशीस ताईचे अनेक आशीर्वाद. पाडव्याच्या शुभेच्छा, एक दिवस शिळ्या आहेत, गोड मानून घे.

सगळ्यांच्या आधी कोण आलं असेल, सांग. तुला वाटेल आमची नात, तनू. ती नाही. तिचा नवरा आला, मिहीर, तोही सकाळी आठला, मी अजून श्रीखंडात वेलदोडा घालत होते तेव्हा. मागच्या मेमध्ये लग्न झालं त्यांचं, तू व्हिडिओवर बघितलास, तोच तो उंच. तनू अर्ध्या वाटेतून लॅपटॉप आणायला परत गेली आणि ह्याला पुढे पाठवून दिलं. आता एकटा नातजावई आजेसासूच्या दारात, हातात कडुलिंबाची पिशवी, काय बोलावं सुचेना बिचाऱ्याला. ग्लासगोत वाढलेला पोर. आईवडील तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, घरात मराठी बोलतात, पण ह्याच्या तोंडात शाळेतलंच बसलंय. मला म्हणाला, "आजी, गुढी कुठे उभा करायचा?" म्हटलं, "बाबा, तू उभा कर, ती उभी राहील."

पण उंचीचा उपयोग झाला हो. दरवर्षी मागच्या अंगणात कपडे वाळवायच्या खांबाला हे शिडीवर चढून गुढी बांधतात आणि मी खाली शिडी धरून देवाचं नाव घेत राहते. ऐंशी उलटली आता ह्यांना. ह्या खेपेला मिहीरनं नुसते हात वर केले आणि झालं. हे खुर्चीत बसून सूचना देत होते, डावीकडे घे, उजवीकडे घे. तांब्या आपल्या आईचाच, तू दिलेला.

आता तू म्हणशील, ताई फोन करायचा सोडून कागद का खरडत बसली. तर तुमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि तुझा अंशुमन शेजारी बसलेला असतो. मला जे सांगायचंय ते आधी तुला एकटीला सांगायचंय. मग पुढे काय करायचं ते शेवटी लिहिते.

आणि अक्षर बघ. ओळखलंस? कशी ओळखशील. आजवर तुला जी पत्रं आली ती ह्यांच्या हातची. मी सांगायची, हे लिहायचे, खाली तेवढी सही माझी. हे माझं अक्षर. चौथीत जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे चालू केलंय. चुकलं असेल तिथे हस, पण पुढे वाच.

तनू साडेनऊला आली. आल्याआल्या श्रीखंडात बोट. पंचवीस वर्षांची बाई, लोकांचे टॅक्सचे कागद तपासायची नोकरी, आणि बोट श्रीखंडात. दोघांनी मुद्दाम सुट्टी काढली होती. कशासाठी, तर तुझ्या प्रश्नासाठी. मागच्या बुधवारी तू फोनवर विचारलंस ना, की नवरा-बायकोचा टॅक्स एकत्र धरला तर फायदा होतो का, तुमच्याकडे कसं असतं, तनूला विचारून सांग. मी तेव्हा "हो हो, विचारते" म्हणून पटकन फोन ठेवला. तुला वाटलं असेल, ताईच्या गॅसवर काहीतरी होतं. गॅसवर काही नव्हतं.

तू सांगितलंस ते सगळं मी तनूला सांगितलं. की अंशुमन म्हणतो, पेपरात येतंय, आपल्याकडेही आता दोघांचा कर एकत्र धरायची चर्चा आहे. तसं झालं तर एकाचा मोठा पगार आणि दुसऱ्याचा शून्य, ह्यातच घराचा फायदा. मग वरदानं लॅबमधली नोकरी कशाला करायची, रात्रपाळ्या कशाला, वीरला शाळेतून आणायला रिक्षा कशाला. ह्या एकतीस मार्चला राजीनामा द्यावा. आणि तुझी सून काय म्हणते, तर काहीच म्हणत नाही, भाकऱ्या थापते. तू म्हणालीस, "ताई, तू सांगशील तसं करू. आमच्याकडे तुझ्या शब्दाला मान आहे."

शशी, ते वाक्य ऐकूनच मी फोन ठेवला. का ते तुला माहीत आहे. किंवा अर्धंच माहीत आहे.

आधी तनूनं काय सांगितलं ते सांगते, नाहीतर मी भलतीकडे जाईन.

तिनं लॅपटॉप उघडलाच नाही. माझ्या मांडणीवरच्या दोन वाट्या काढल्या आणि चिवड्याचा डबा. एक वाटी मिहीरपुढे, एक स्वतःपुढे, दोन्ही एका ताटात. म्हणाली, "आजी, बघ. गव्हर्नमेंट म्हणतो, प्रत्येकाचा पहिला वाटी फ्री. वाटीच्या बाहेर ताटात जे पडेल, त्यातलं थोडं आमचं." मग मिहीरच्या वाटीत चिवडा ओतला. वाटी भरली, बाकीचा ताटात पडला. म्हणाली, हा ह्याचा पगार. मग स्वतःच्या वाटीत मूठभर घातला, तो वाटीतच राहिला. हे झालं वेगवेगळं. इथे असंच आहे, प्रत्येकाची वाटी ज्याची त्याची.

"आता एकत्र," म्हणाली, आणि स्वतःची मूठ काढून खाऊन टाकली. म्हणजे तिला नोकरी नाही असं धरायचं. मग ताटात सांडलेला मिहीरचा चिवडा उचलून तिनं आपल्या रिकाम्या वाटीत भरला. ताटात उरलं अगदी थोडं. हे म्हणाले, "बघ, फायदाच की." तनू म्हणाली, "हो आजोबा, आहे फायदा. अंशुमनकाका खोटं नाही बोलत." दोघांचा पगार सारखा असेल तर काहीच फरक नाही, पण एक मोठा, एक शून्य असेल तर घराचे पैसे वाचतात. मी म्हटलं झालं, वरदा बसली घरी.

मग ती म्हणाली, "आता मला जॉब लागला." आणि डब्यातून मूठभर चिवडा घेऊन आपल्या वाटीत घालायला गेली. तर वाटी आधीच भरलेली, मिहीरच्या चिवड्यानं. तिची मूठ सगळीच्या सगळी ताटात सांडली. पहिल्या दाण्यापासून.

मी त्या ताटाकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला जे समजलं नव्हतं ते माझ्याच दोन वाट्यांत होतं. तनू म्हणाली, मग सगळे तिला म्हणतात, तुझ्या नोकरीत काही उरत नाही, बस घरी. उरत नाही ते तिची कमाई कमी म्हणून नाही, तिची वाटी तिच्याकडे नाही म्हणून. आणि उद्या घर मोडलं, माणूस गेलं, तर रिकामी वाटी तिच्या हातात येते आणि तोवर नोकरी गेलेली असते. शिवाय म्हणाली, तिकडे अजून नुसती चर्चा आहे, कायदा नाही झालेला. जो कायदाच नाही त्याच्यासाठी राजीनामा कसला द्यायचा.

मिहीर म्हणाला, "आणि मला आता हा चिवडा खाता येईल का?"

तर त्यानंतर तनू सहज म्हणाली, इथेही पूर्वी एकत्रच होतं, नव्वद सालापर्यंत. बायकोचं उत्पन्न ते नवऱ्याचंच धरायचे, फॉर्म नवऱ्यानं भरायचा. हे म्हणाले, "मला काय सांगतेस, मीच भरत होतो." आणि माझ्याकडे बघितलं. मी उठून चहा टाकायला गेले.

शशी, आता लिहितेच. चहा उकळतोय तोवर लिहून टाकावं तसं.

तू, आई, मिरजेतले सगळे, तुम्हाला मी सांगितलं होतं की मी इथे घरी असते. ह्यांना बस गॅरेजमध्ये चांगली नोकरी आहे, मला काम करावं लागत नाही, राणीसारखी आहे. तू तुझ्या जावांना सांगायचीस, आमच्या ताईला विलायतेत काडी इकडची तिकडे करावी लागत नाही. ते खरं नव्हतं. मी सत्याहत्तरपासून कॉलिंडेलला एका शिवणाच्या फॅक्टरीत जात होते. पडद्यांची अस्तरं शिवायची. चौदा वर्षं. सकाळी साडेसातला कार्ड ठोकायचं, आमच्या लहानग्या राजीवला शेजारच्या गुजराती बाईकडे सोडून. आमची रांग सहा मशिनांची होती, सगळ्यात सरळ टाका माझा, हे मी म्हणत नाही, फोरमन म्हणायचा. ह्यांना वाटायचं, बायकोला फॅक्टरीत पाठवतो हे देशात कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मलाही तसंच वाटायचं. दोघांनी मिळून लपवलं.

आणि पगार. शुक्रवारी पाकीट मिळायचं, ते मी घरी आणून ह्यांच्या हातात द्यायची. ह्यांनी मारून मुटकून घेतलं नाही कधी, ते तसे नाहीत, तुला माहीत आहे. पण वर्षाला तो फॉर्म यायचा, आणि हे टेबलाशी बसून भरायचे, आणि एकदा मी विचारलं, ह्यात माझं कुठे लिहायचं? तर म्हणाले, वेगळं नसतं, नवऱ्याच्याच कमाईत धरतात. मी म्हटलं, बरं. राणीच्या सरकारनं छापलंय म्हणजे तसंच असणार. आपण चौथी शिकलेलो.

त्र्याऐंशी साली तुझं पत्र आलं. ते मी अजून ठेवलंय, देवाच्या डब्यात. टेलिफोन ऑफिसातून तुला ऑपरेटरच्या जागेचं बोलावणं आलं होतं. तुझा आवाज. आईच्या अंगणात तू हाक मारलीस की ओढ्यापलीकडची म्हैस थांबायची. परीक्षेत पहिली आली होतीस. सासरे नको म्हणत होते आणि तू लिहिलं होतंस, ताई, तू लिही, तुझ्या शब्दाला इथे मान आहे.

तेच वाक्य, शशी. मागच्या बुधवारी तू तेच वाक्य बोललीस.

तुला जे उत्तर गेलं ते तुला पाठच असेल. "विलायतेतलं सरकारसुद्धा बायकोची कमाई नवऱ्याचीच धरतं, मग आपण कशाला दगदग करायची, मीही घरीच असते, सुखात आहे." तुझ्या सासऱ्यांनी ते बाहेरच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. हे तू मला एकदाच सांगितलंस, आईच्या तेराव्याला, भांडी घासताना, आणि पुढची कढई मागितलीस. त्या पत्रानंतर दीड वर्ष तुझी ओळ आली नव्हती. मी म्हणायची, पोस्टाचा काहीतरी घोळ.

ते वाक्य माझं नव्हतं. मी ह्यांना सांगितलं होतं की लिहा, तुझं मन म्हणेल तसं कर, मला वाटतं जा. हे जरा वेळ थांबले आणि मग भराभर लिहिलं. लिहून झाल्यावर कागद माझ्यापुढे ठेवला. आता म्हणू शकते की मी वाचलं नाही. पण चौथी झाली होती माझी, वाचता येत होतं. मी वाचलं. सावकाश, बोट ठेवून वाचलं. आणि सही केली. कारण मला वाटलं, खरंच तर लिहिलंय, फॉर्मवर आहेच तसं. आणि मी फॅक्टरीत जाते हे झाकलेलं राहिलं, तेही बरं वाटलं. बेचाळीस वर्षं मी मनात म्हणत आले की अक्षर ह्यांचं होतं. सही कुणाची होती ते म्हणत नव्हते.

काल हे सगळं वर आलं ते एका फोनमुळे. तो सांगते, कारण तसलं काही माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं आणि अजून माझा विश्वास बसत नाही.

हे तीन वर्षं एक फॉर्म भरतायत आणि तीनही वर्षं तो परत येतोय. इथे लग्न झालेल्यांना एक सवलत आहे. नवरा-बायकोपैकी ज्याची वाटी पूर्ण भरत नाही, त्यानं आपल्या वाटीतली थोडी जागा दुसऱ्याला द्यायची, म्हणजे दुसऱ्याचा टॅक्स कमी होतो, वर्षाला अडीचशे पौंडांपर्यंत. माझं पेन्शन एवढंसं, ह्यांना गॅरेजचं जास्त. तर हे दरवर्षी बसून भरायचे आणि उत्तर यायचं, तुम्हाला देता येणार नाही. हे कॉम्प्युटरला शिव्या घालायचे. काल तनूनं ते कागद बघितले आणि हसत सुटली. ह्यांनी अर्जदार म्हणून स्वतःचं नाव घातलं होतं. तिन्ही वेळा.

"आजोबा, जो देतो त्यानं अप्लाय करायचं असतं. देणारी आजी आहे."

हे म्हणाले, "ह्या घरातले सगळे फॉर्म मीच भरतो."

"हा नाही," तनू म्हणाली.

मग लॅपटॉपवर माझी ओळख पटेना. पासपोर्टची मुदत संपलेली, गाडी मी चालवत नाही, मी मीच आहे हे दाखवायला काही नाही. म्हणून टॅक्सवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर. चाळीस मिनिटं नुसतं वाजंत्री. मिहीरनं तेवढ्यात चिवडा संपवला. मग एका बाईचा आवाज आला. हे सवयीनं पुढे झाले, फोन तोंडाजवळ घेऊन इंग्रजीत सगळं सांगायला लागले. ती बाई म्हणाली, "थँक्यू सर, पण मला तुमच्या मिसेसशी बोलायचंय." हे म्हणाले, तिला इंग्रजी बरोबर येत नाही, मी तिच्या वतीनं सांगतो. ती म्हणाली, मी सावकाश बोलेन. पण तिच्याशीच.

शशी, एवढं मोठं सरकार, आणि ते माझ्यासाठी थांबलं होतं. ह्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. मीठ सरकवावं तसा.

ती बाई ग्लासगोची निघाली, बोली अशी की मला दर तिसरा शब्द कळेना, पण मिहीर खूश झाला, त्याच्या गावची. तो हळूच मराठीत सांगायचा. तिनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मग इन्शुरन्सचा नंबर विचारला, इथे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला सरकार देतं तो. हे घाईघाईनं कपाटाकडे निघाले, फाईल काढायला. आणि मी तो नंबर धडाधडा म्हटला. दोन अक्षरं, सहा आकडे, शेवटी एक अक्षर. चौदा वर्षं दर शुक्रवारी पगाराच्या पाकिटावर माझ्या नावाखाली वाचला होता, विसरणार कशी. हे कपाटाशी तसेच उभे राहिले. त्यांना माहीतच नव्हतं की मला पाठ आहे.

मग ती म्हणाली, नवऱ्याचं पूर्ण नाव. झालं. छप्पन्न वर्षांत मी ह्यांचं नाव कधी सरळ घेतलंय का? तोंड उघडलं तर काही बाहेरच येईना. तनू कुजबुजत सांगायला लागली तर ती बाई म्हणाली, प्लीज, त्यांचं त्यांना सांगू दे. आणि मग आपोआप, अगं, जे बाहेर आलं ते असं:

"खिडकीबाहेर गुढी, आत उकळतो चहा,
मुरलीधररावांचं नाव घेते, मिळतं का ते पाहा."

तनू जमिनीवर बसून हसत होती. ती बाई म्हणाली, हे फार छान होतं, पण फक्त नाव सांगाल का. मी सांगितलं. मुरलीधर. नुसतं. कुणी वीज पडून मेलं नाही. हे मात्र लाजले.

आता खरी गोष्ट. ती बाई हळू आवाजात म्हणाली, आणि हे मला मिहीरची मदत न घेता कळलं. म्हणाली, ही सवलत तुमची आहे. त्यातला काही भाग तुम्ही तुमच्या नवऱ्याला द्यायचं म्हणताय. हे तुम्हाला समजलंय का, आणि हा तुमचा स्वतःचा निर्णय आहे का?

मी विचारलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत, "आय से नो, देन?"

ती म्हणाली, "मग ती तुमच्याकडेच राहील. तुमचीच आहे."

तुमचीच आहे. शशी, मी शहात्तर वर्षांची झाले. वडिलांनी जमीन दिली ती भावांना, इथलं घर ह्यांच्या नावावर, मी त्याबद्दल रडत नाही, खाऊनपिऊन सुखी आहे. पण एका परक्या बाईनं, जिनं मला बघितलंही नाही, मला सांगितलं की तुमच्या नावाची एक वाटी आमच्याकडे आहे, आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय त्यातला दाणा इकडचा तिकडे होणार नाही. मला देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर होतं तसं झालं. हात जोडावेसे वाटले. फोनला कुठे हात जोडणार.

आणि तिचा आवाज. स्वच्छ, घाई नाही, समोरच्याला धीर देणारा. मला तू दिसलीस. कानाला ते यंत्र लावून, मिरजेच्या टेलिफोन ऑफिसात, तिशीतली, चाळिशीतली, पेन्शनीत निघालेली. सगळी दिसलीस.

मी म्हटलं, वन मिनिट. ती म्हणाली, हवा तेवढा वेळ घ्या. मी फोन तसाच ठेवून ह्यांच्याकडे वळले आणि पोरांसमोरच विचारलं, "त्र्याऐंशी साली शशीला पत्र लिहिलं होतं, आठवतं?"

तनूला काही कळेना, ती काहीतरी विचारणार होती, मिहीरनं तिचा हात धरला. हे चष्मा काढून पुसत बसले. मला वाटलं, म्हणतील, कुठलं पत्र. म्हणाले असते तर मीही सोडून दिलं असतं, खोटं कशाला सांगू.

हे म्हणाले, "आठवतं. ते वाक्य तू सांगितलं नव्हतंस. मी घातलं."

"का?"

"शशी नोकरीला लागली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, ताई काय करते." मग म्हणाले, "तू आज नाही म्हटलंस तरी चालेल. तुझं आहे ते."

चार वाजले होते बहुतेक, उन्हात गुढीचं कापड हलत होतं. फोनमध्ये ती बाई श्वास घेत होती, तेवढा आवाज. मी फोनवर सांगितलं, हो, माझा निर्णय आहे. देते. मुरलीधरला देते. दुसऱ्यांदा नाव सोपं गेलं. तिनं सांगितलं, कागद तुमच्या नावानं येईल, आणि पुढे कधी मन बदललं तर तुम्ही ते थांबवू शकता. मी म्हटलं, आय नो.

तू म्हणशील, एवढं सगळं करून शेवटी दिलंच की. हो, दिलं. पण आजवर मी दिलं नव्हतं गं कधी, ते नुसतं जात होतं. असल्याशिवाय देता येत नाही, हे मला काल कळलं, ह्या वयात.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एकत्र धरल्यानं फायदा होतो का? होतो, घराचा होतो. मी खोटं लिहिणार नाही, एकदा लिहून झालंय. पण त्यात वरदाची वाटी अंशुमनच्या चिवड्यानं भरते आणि मग तिला सगळे प्रेमानं सांगतात की तुझ्या नोकरीत काही राहत नाही. अंशुमन वाईट नाही, हेही वाईट नव्हते. वरदाला राजीनामा देऊ देऊ नकोस. रात्रपाळी जड जाते तर ती अंशुमननं आणि तिनं मिळून बघावी, वीरला आणायला रिक्षा आहेच. आणि तिला स्वतःलाच नोकरी नको असेल तर ती गोष्ट वेगळी, पण मग ते तिनं तिच्या तोंडानं म्हणायला हवं. तिला विचारा, आणि विचारल्यावर थांबा. भाकऱ्या होईपर्यंत थांबा. ती ग्लासगोची बाई थांबली तशी.

आणि शशी, तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तू मग पुढची कढई मागशील. तुझ्या त्या नोकरीचं मी काही करू शकत नाही, गेली ती गेली. पण तुला एक काम सांगते. तुझ्या सासऱ्यांनी माझं एक पत्र बाहेरच्या खोलीत वाचून दाखवलं होतं. हेही वाच. त्याच खोलीत, अंशुमनसमोर, वरदासमोर, दोनदा. फॅक्टरीचंही वाच, ह्यांनी वाक्य घातलं तेही वाच, मी हे लिहू का म्हणून त्यांना विचारलं तर म्हणाले, लिही. तुझ्या आवाजात वाच. म्हैस थांबायला हवी.

हे लिहायला मला आठ दिवस लागले, वर तारीख वीसची असली तरी आज शनिवार अठ्ठावीस आहे. पोस्टानं गेलं तर एकतीस तारीख उलटून जाईल, म्हणून मिहीर ह्या सगळ्या पानांचे फोटो काढून वरदाच्या फोनवर पाठवणार आहे. तिलाच सांगितलंय, आधी सासूबाईंच्या हातात दे म्हणून. मग तनू तिच्याशी बोलेल, वाट्या घेऊन. चिवडा मी नवा करून ठेवलाय.

तुझी ताई,
मधुमती, कॉलिंडेलच्या फॅक्टरीत चौदा वर्षं नोकरी

ता. क. तनू आणि मिहीर उद्या येतो म्हणालेत, रविवार एकोणतीस मार्च, आमच्या दुपारी दोनला. उद्यापासून इथली घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा तुझे साडेसहा. फोनजवळ वरदाला बसव.